शब्दचर्चा : ‘उत्तेजना’ की ‘उद्दीपन’?

निळी_शाई : मधुमेह असलेल्या स्त्रियांसाठी लैंगिक आरोग्याची एक प्रश्नावली मराठीत आणतेय. २००० सालची, १९ प्रश्नांची, मागच्या ४ आठवड्यांबद्दल विचारणारी. भाग सहा : इच्छा, उत्तेजना, ओलावा, कळस, समाधान, वेदना. मुद्रितशोधकांनी ‘उत्तेजना’वर काट मारून ‘उद्दीपन’ केलंय. समासात शेरा, ‘उत्तेजना म्हणजे चिथावणी’. काय ठेवू?

जुना_कोश : उद्दीपन. काव्यशास्त्राने घडवलेला शब्द आहे, उगाच बदलू नका.

रफार : काव्यशास्त्रच तुमच्या विरोधात जातंय! उद्दीपन विभाव म्हणजे भाव चेतवणारं बाहेरचं निमित्त : चांदणं, वारा, सुगंध. इथे विचारायचंय ते शरीराने दिलेल्या उत्तराबद्दल. उद्दीपन आहे, मनात इच्छाही आहे आणि शरीर मात्र गप्प, हीच तर मधुमेहात अनेकींची तक्रार असते. आणि उत्तेजना म्हणजे चिथावणी, तर ‘उत्तेजनार्थ बक्षीस’ कशासाठी देतात?

जुना_कोश : ते चौथ्या नंबराला देतात. इथे शोभेल का?

वेलांटी : मला ‘ओलावा’ जास्त खटकतो. योनीतला हा ओलेपणा मुख्यतः ग्रंथींतून येत नाही. रक्तपुरवठा वाढला की योनीच्या भिंतीतून रक्तद्रव झिरपतो. साखर बरीच वर्षं चढी राहिली तर बारीक रक्तवाहिन्या आणि नसा खराब होतात, रक्त पुरेसं भरत नाही आणि झिरपणं कमी पडतं. म्हणून ‘स्राव’ही नको. नेमका शब्द आहे ‘पाझर’.

जुना_कोश : पाझर दगडाला फुटतो. वाचणारीला वाटेल, आपल्याला पाषाणहृदयी म्हणतायत.

वेलांटी : पाझर तलाव म्हणताना कुणाचं हृदय आठवतं हो?

निळी_शाई : सोबतच्या पत्रकात बाटलीतून मिळणाऱ्या ल्युब्रिकंटलाही शब्द हवाय. ‘वंगण’ लिहिलं होतं.

रफार : वंगण बैलगाडीच्या आसाला.

जुना_कोश : मग ‘स्नेहक’. स्निग्ध, स्नेह, सगळं एकाच धातूचं. प्रेमही आलं त्यात.

रफार : आणि तेलही आलं, तीच अडचण. स्नेहक वाचून कुणी घरातलं तेल लावलं, तर लॅटेक्सचा कंडोम काही मिनिटांत कमकुवत होतो. सरळ ‘पाण्याच्या बेसचं ल्युब्रिकंट’ लिहा. ते लवकर सुकतं, म्हणून मध्येच पुन्हा लावावं लागतं, हेही लिहा. ग्लिसरीन फार असेल तर ते पेशींतलं पाणी ओढून घेतं आणि आग होते. जागतिक आरोग्य संघटनेने ल्युब्रिकंटच्या परासरतेला, म्हणजे पाणी ओढण्याच्या जोराला, किलोमागे १२०० मिलिऑस्मोलची वरची मर्यादा सुचवली आहे. योनीत लावायचं मॉइश्चरायझर वेगळं : ते दर दोन-तीन दिवसांनी, संबंध असोत वा नसोत. दोन्हींना एकच शब्द दिलात तर बाई दोन्ही चुकीच्या वेळी वापरेल.

जुना_कोश : म्हणजे मराठीने हात टेकले.

वेलांटी : ‘वेदना’ हा भागही एकाच शब्दात कोंबू नका. पाझर कमी म्हणून दुखणं वेगळं आणि बुरशीच्या संसर्गामुळे आग होणं वेगळं. साखर वाढली की बुरशी फोफावते. लघवीतून साखर बाहेर टाकणाऱ्या ग्लिफ्लोझिन गटाच्या गोळ्यांनीही हा संसर्ग वाढतो. खाज सुटते, फाटलेल्या दुधासारखं पांढरं जातं, वास सहसा नसतो. त्यावर बुरशीनाशक औषध लागतं, ल्युब्रिकंट नव्हे. आणि गोळी स्वतःहून बंद करायची नाही, डॉक्टरांना विचारायचं.

जुना_कोश : ‘पांढरं जातं’ काय? श्वेतप्रदर म्हणा.

वेलांटी : डॉक्टरसमोर बसून कोण म्हणतं श्वेतप्रदर? ‘अंगावर पांढरं जातंय’ असंच म्हणतात. त्यात नेहमीचं जाणंही येतं, म्हणून रंग, दाटपणा आणि खाज वेगवेगळी विचारायला हवी.

निळी_शाई : सगळं टिपून घेतलं. पण उत्तेजना की उद्दीपन?

जुना_कोश : ते राहू द्या. ‘कळस’ कुणी सुचवला? तो देवळावर असतो, नाहीतर मूर्खपणाचा होतो.