हरणासाठी .३०८ मध्ये कोणती गोळी?

टेक्सासला असलेल्या भावासाठी विचारलंत, परवाना तिथला, रायफल .३०८ (म्हणजे ०.३०८ इंच जाडीची गोळी मारणारी). (सुट्टीत सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर हे डोक्यात नको, काळवीट १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे शिकारीला बंदी.)

तुमच्या प्रश्नावर आधी कुणी १८० ग्रेनची गोळी सुचवलीय (ग्रेन म्हणजे गोळीच्या वजनाचं माप). पांढऱ्या शेपटीच्या हरणाला १५० ग्रेन सॉफ्ट पॉइंट (टोकाला शिसं उघडं असलेली, लागल्यावर पसरणारी गोळी) पुरते, जड गोळीने मारणाऱ्याच्या खांद्यालाच दणका जास्त. फुल मेटल जॅकेट (टोकासकट धातूने मढवलेली गोळी) स्वस्त मिळतं म्हणून घेऊ नका. ती गोळी न पसरता आरपार जाते, जनावर जखमी होऊन लांबवर पळतं आणि सापडत नाही. अनेक राज्यांत तिला मनाईच आहे.

शिशाची गोळी फुटली की बारीक कण जखमेपासून बरेच लांब मटणात जातात, तेवढा भाग कापून टाकावा. तांब्याची गोळी घेतली तर ही कटकट नाही, पण ती लागल्यावर उमलायला (पसरायला) वेग लागतो, साधारण सेकंदाला २००० फूट. म्हणून तांब्यात वेगाने जाणारी हलकी, १३०-१५० ग्रेनचीच घ्या आणि फार लांबून मारू नका.

गोळी बदलली की १०० यार्डांवर तीन बार काढून झीरो (नेम धरला तिथेच गोळी लागते ना, ते) पुन्हा तपासायचा. वजन तेच असलं तरी मारा सरकतो, आणि इथेच बहुतेकांचं चुकतं.