मदत हवी आहे : सुजेची गोळी, पोटॅशियम आणि शहाळं

नमस्कार मंडळी. सांगली-मिरजेकडचे कुणी डॉक्टर किंवा फार्मासिस्ट ग्रुपवर असतील तर जरा सांगा.

आईला (वय 68) बीपीसाठी टेल्मिसार्टन 40 आधीपासून चालू आहे. पायाला सूज यायला लागली, बोट दाबलं की खड्डा तसाच राहायचा, म्हणून आता टोरसेमाइड 10 आणि स्पायरोनोलॅक्टोन 50 एकत्र असलेली गोळी सकाळी दिलीय. सूज बरीच उतरली.

मला समजलं ते असं : टोरसेमाइड लघवीवाटे मीठ-पाणी काढतं, पण सोबत पोटॅशियमही जातं. स्पायरोनोलॅक्टोन अल्डोस्टेरॉनला (पोटॅशियम लघवीतून बाहेर टाकायला लावणारं हार्मोन) अडवून पोटॅशियम राखून ठेवतं. इथवर ठीक. पण टेल्मिसार्टननंही पोटॅशियम वाढतं ना? त्यात मावशी शक्ती यावी म्हणून रोज शहाळं आणते (तिला नको म्हणायची सोय नाही), त्यातही पोटॅशियम असतंच, आणि वहिनीनं लो सोडियम मीठ आणलंय, पाकिटावर चक्क पोटॅशियम क्लोराइड लिहिलंय!

डॉक्टर परगावी आहेत. गोळी मनानं बंद करणार नाही, मीठ मात्र आजच साधं केलं. शहाळंही थांबवू का? पोटॅशियम आणि क्रिएटिनिनची (किडनीचं काम कसं चाललंय ते दाखवणारी) तपासणी साधारण किती दिवसांनी करतात? लॅबला आधीच जाऊन आलं तर चालेल का?