ओझोनचं भोक म्हणे उपग्रहाने शोधलं!

पौडरोडकर: ओझोन दिनाला मुलीच्या शाळेत तक्ते लावले होते. निम्म्यांवर एकच वाक्य, ‘उपग्रहाने ओझोनचं भोक शोधलं.’ अहो, १९८५ मध्ये ते जगापुढे आणलं फारमन, गार्डिनर आणि शँक्लिन या तिघांनी, तेही अंटार्क्टिकात हॅली या ब्रिटिश केंद्रात जमिनीवर ठेवलेल्या डॉब्सन या ओझोन मोजणाऱ्या यंत्राच्या जोरावर. नासाचा उपग्रह निंबस-७ तर १९७८ पासून डोक्यावरून फिरत होता! १८० डॉब्सनच्या (हे ओझोन मोजायचं एककही) खालचा आकडा आला की त्याचा प्रोग्रॅम ‘संशयास्पद’ शिक्का मारून मोकळा. अवकाशात पैसे उधळण्यापेक्षा जमिनीवर चार केंद्रं जास्त चालवा, एवढंच म्हणणं आहे.

टेकडीवरचा: अर्धीच गोष्ट सांगताय. आकडे फेकून दिले नव्हते, खूण करून ठेवले होते. नासातल्या भारतीयाने, पवन भारतीया यांनी, ते पडताळायलाही घेतले. ताळा करायला दक्षिण ध्रुवावरच्या तुमच्या लाडक्या डॉब्सनचे आकडे काढले, तर तिथे साधारण ३००! मग उपग्रहावरच शंका आली. पुढे कळलं की चूक जमिनीवरच्या आकड्यांत होती. आता बोला.

आणि हॅलीला फक्त हॅलीच्या डोक्यावरचं कळतं. हे अख्ख्या अंटार्क्टिकावर पसरलंय हे कोणी दाखवलं? निंबस-७ वरच्या टॉम्स या यंत्राच्या नकाशाने.

मीठभाकर: मला एक सांगा, उन्हाळ्यात पेपरात येतं की पुण्याच्या हवेत ओझोन वाढला. मग तोच वर पाठवा की!

टेकडीवरचा: तो गाड्यांच्या धुरावर ऊन पडून होतो, आणि खालीच राहून छातीला त्रास देतो. कामाचा थर आहे १५ ते ३५ किमीवर. दोघांचं एकमेकांशी देणंघेणं नाही.

पौडरोडकर: बरं, नकाशा दिला. पण टॉम्सला परत फिरलेला अतिनील उजेड लागतो. ध्रुवावर सहा महिने रात्र, तेव्हा काय पाहणार?

टेकडीवरचा: म्हणून तर २००४ मध्ये ऑरा उपग्रहावर एमएलएस हे यंत्र गेलं. ते हवेतून निघणारे मायक्रोवेव्ह टिपतं, त्याला सूर्य लागत नाही. कोणत्या उंचीवर किती ओझोन आहे तेही सांगतं, आणि ओझोन खाणाऱ्या क्लोरीनचा मागही काढतं. हे तुमच्या चार केंद्रांतून कसं मिळणार?

शिमलाऑफिसचौक: फुग्यातून! आपलं हवामान खातं पुण्याहून ओझोन मोजणारे फुगे सोडत आलंय. ते यंत्रही इथलंच, हवामानशास्त्रज्ञ अॅना मणींच्या काळात घडवलेलं. फुगा ३० किमीच्या आसपास फुटतो, पण तोवर थरन् थर मोजून होतो. एका जागेपुरता, हे कबूल.

पौडरोडकर: धन्यवाद! आणखी एक. निंबस-७ वर सूर्यप्रकाश मोजायची पाटी वर्षागणिक काळवंडत गेली आणि ओझोन होता त्याहून जास्त घटल्यासारखा दिसू लागला. आकडे दुरुस्त केले ते जमिनीवरच्या डॉब्सनांशी जुळवून. २०१८ मध्ये सीएफसी-११ या ओझोन खाणाऱ्या, बंदी घातलेल्या वायूची हवेतली घट मंदावल्याचं कळलं तेही हवेचे नमुने घेणाऱ्या केंद्रांमुळेच. पुढच्या वर्षी कोरिया-जपानच्या केंद्रांनी पूर्व चीनकडे बोट दाखवलं.

टेकडीवरचा: सीएफसी-११ चा चोर पकडणं वेगळं आणि ओझोन मोजणं वेगळं, मुद्दा सरकवू नका. पाटी काळवंडली हे मान्य. पण उधळपट्टी म्हणता, तर एक सांगा. २०२३ ला भोक २.६ कोटी चौरस किमीपर्यंत गेलं. ते मोजायला अंटार्क्टिकाच्या समुद्रावर केंद्र कुठे उभारणार होतात?

पौडरोडकर: समुद्रावर नको. आहेत ती तरी बंद पाडू नका.