मदत हवी आहे: ओसीडीच्या केसचं फॉर्म्युलेशन, सिद्धांत आणि माहिती जुळत नाहीये

धागाकर्ती

नमस्कार. क्लिनिकल सायकॉलॉजीच्या एम.ए.साठी ओसीडीचा (मनात घुसणारे नको ते विचार आणि ते शमवायला पुन्हापुन्हा केलेल्या कृती) केस रिपोर्ट लिहिते आहे. फॉर्म्युलेशनवर (त्रास का झाला आणि का टिकला याची मांडणी) 'सिद्धांत एकीकडे, केस दुसरीकडे' असा शेरा येऊन रिपोर्ट परत आलाय. ओळख पटेल असे तपशील बदलून केस देते.

वय २९, गृहिणी, एकत्र कुटुंब, ८ महिन्यांचं बाळ. दिवसाला ३५-४० वेळा हात धुणं, आंघोळीला सव्वा तास, साबणाची वडी ३ दिवसांत संपते. 'माझ्या हातून बाळाला काहीतरी लागेल' ही भीती. बाळ २ महिन्यांचं असताना जुलाबामुळे ३ दिवस दवाखान्यात होतं, त्यानंतर हे वाढलं. विळी दिसली की 'मी बाळाला इजा केली तर?' असा विचार येतो, म्हणून विळी माळ्यावर ठेवली आहे. 'नीट धुतलेत ना?' असं नवऱ्याला १०-१२ वेळा विचारते, तो दर वेळी 'हो' म्हणतो. आजीकडे कडक सोवळं होतं. लहानपणी धाकटा भाऊ तिच्या राखणीत असताना पडला, तेव्हा 'तुझं लक्ष कुठे होतं?' हे खूप ऐकावं लागलं. माहेरी गेली की धुणं निम्म्यावर येतं. वाय-बॉक्स (ओसीडीची तीव्रता मोजणारी मापनपट्टी) २६.

मी फ्रॉइड, एरिक्सन आणि बेक यांच्यावर एकेक परिच्छेद लिहिलाय. नेमका कुठला सिद्धांत घ्यावा? सोवळं कारणांत धरायचं का? आणि विळीचा विचार रिपोर्टमध्ये लिहावा का? वाचणाऱ्याला ती बाळासाठी धोकादायक वाटेल अशी भीती वाटते.

कडुनिंब

तीन सिद्धांतांचे तीन परिच्छेद काढून टाका. फॉर्म्युलेशन हे एक गृहीतक असतं: हा त्रास याच बाईला, याच वेळी का सुरू झाला आणि अजून का थांबत नाही? सिद्धांत निवडताना एकच कसोटी लावा. माहितीतली जी गोष्ट विचित्र वाटते, तिचा उलगडा तो करतो का? तुमच्या केसमध्ये ती गोष्ट म्हणजे माहेर. जंतू माहेरीही तेवढेच असतात, मग धुणं निम्मं का होतं?

मानसशास्त्रज्ञ साल्कोव्हस्किस यांची १९८५ची मांडणी इथे कामाला येईल. नको असलेले विचार सगळ्यांनाच येतात. राखमन आणि डिसिल्वा यांनी १९७८ मध्ये दाखवलं की ओसीडी नसलेल्या लोकांच्या मनात येणारे असे विचार आशयाने ओसीडीतल्या विचारांसारखेच असतात. फरक पडतो तो विचाराला लावलेल्या अर्थात. 'विचार आला, म्हणजे अनर्थ टाळणं आता माझ्यावर आहे' असा अर्थ लागला की अस्वस्थता वाढते आणि धुणं किंवा विचारणं हा तिच्यावरचा उतारा होतो. माहेरी बाळाचं बरंचसं तिची आई करत असेल, म्हणजे जबाबदारी वाटली जाते. म्हणून धुणं घटतं, असं हे गृहीतक म्हणेल.

पण इथेच थांबू नका. वर्तनवादी म्हणेल की माहेरी नेहमीचं स्वयंपाकघर आणि नेहमीचा नळ नाही, म्हणून भीती चाळवत नाही. दोन्ही स्पष्टीकरणं सध्या सारखीच बसतात. त्यांना वेगळं करणारा प्रश्न विचारा: माहेरीच, आई बाजारात गेली आणि बाळ एकट्या तिच्याकडे असलं, तर काय होतं?

मावरर यांचा दोन-घटक सिद्धांत (भीती जोडणीतून शिकली जाते आणि टाळल्याने टिकते) मात्र टाकू नका, तो 'का टिकलं?' या प्रश्नासाठी लागतो. धुतल्यावर अस्वस्थता लगेच उतरते, म्हणून धुणं पक्कं होतं. शिवाय बाळ आजारी पडलं नाही याचं श्रेय धुण्याला जातं, आणि 'न धुता काय झालं असतं' हे तिला कधीच कळत नाही. नवऱ्याचं 'हो' आणि माळ्यावरची विळी हे त्याच चक्राचे भाग आहेत. रिपोर्टमध्ये या तीन गोष्टी एकत्र यायला हव्यात. बहुतेक विद्यार्थी धुणं 'लक्षणे'मध्ये, नवरा 'कौटुंबिक आधार'मध्ये आणि विळी 'जोखीम'मध्ये टाकतात. मग चक्र दिसतच नाही.

पाच कप्पे (तक्रार, पूर्वपीठिका, सुरुवातीचं निमित्त, टिकवणाऱ्या गोष्टी, सावरणाऱ्या गोष्टी) भराच, पण प्रत्येक नोंदीपुढे 'म्हणून काय?' लिहा. 'भाऊ पडला' ही नुसती घटना झाली. 'भाऊ पडला, दोष तिच्यावर आला, म्हणून नजर हटली की अनर्थ होतो आणि तो आपल्यामुळेच होतो असा समज झाला असावा' हे फॉर्म्युलेशन. 'असावा' हा शब्द ठेवाच. आणि हा समज तिच्या तोंडून आलाय की तुमचा तर्क आहे, तेही लिहा. तो काढायला 'समजा तसं झालं, तर तुमच्या दृष्टीने त्याचा अर्थ काय?' हाच प्रश्न ४-५ पायऱ्या खाली नेत विचारा. 'बाळ आजारी पडेल' इथे थांबलात तर जंतूंची भीती हातात येते. 'मी आई म्हणून नालायक ठरेन' इथवर पोचलात तर जबाबदारी.

तळटीप

सोवळ्याबद्दल. ते थेट कारण म्हणून लिहू नका. तशा घरांत वाढलेल्या बहुतेकांना ओसीडी होत नाही. सोवळ्याला नियम असतो आणि शेवट असतो. स्नान झालं, धूतवस्त्र नेसलं, संपलं. शिवाशीव झाली तर पुन्हा काय करायचं तेही ठरलेलं. मंत्रचळात (म्हणजे ओसीडीत) शेवट हरवतो. 'झालं' असं मनाला पटेपर्यंत धुणं चालतं आणि ते पटत नाही. आजीला स्वतःला हे धुणं जास्त वाटेल का, हा प्रश्न विचारा. रिवाज पाळणाऱ्यांनाच ते अति वाटत असेल, तर तो रिवाज उरला नाही. सोवळ्यातून तिला मिळाली असेल ती भाषा: स्पर्शाने दोष लागतो आणि पाण्याने जातो. भीतीने विळीबरोबरच पाण्याचं रूप का घेतलं, एवढंच त्यातून कळतं.

विळीचा विचार लिहा, नक्की लिहा, पण चौकशीसकट. या विचाराने ती हादरते, तो टाळायला धडपडते, विळी दूर ठेवते. ओसीडीतल्या विचारांचं हे ठरलेलं रूप आहे. प्रसूतीनंतरच्या सायकोसिसमध्ये (वास्तवाचं भान सुटणं) चित्र वेगळं असतं: सुरुवात बहुधा पहिल्या काही आठवड्यांत, आवाज येणं, बाळाबद्दल भलतीच खात्री (हे माझं नाही, यात काहीतरी शिरलंय), गोंधळ, झोप न लागणं, आणि त्या विचारांचं भय न वाटणं. यातलं प्रत्येक विचारून 'नाही' असेल तर 'नाही' असं नोंदवा. नैराश्य आणि आत्महत्येचे विचार वेगळे विचारा. प्रसूतीनंतरच्या नैराश्यासाठीच्या एडिनबरो प्रश्नावलीतला १०वा प्रश्न त्यासाठीच आहे. काहीही 'हो' आलं तर त्याच दिवशी पर्यवेक्षक आणि मनोविकारतज्ज्ञ. घरच्यांना टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर देऊन ठेवा.

'नाही' असूनही घाबरून बाळ तिच्यापासून दूर ठेवायला सांगितलं, तर तिच्या भीतीवर आपणच शिक्का मारतो.

धागाकर्ती

खूप आभार. सत्रात विचारलं. आई बाजारात गेली की माहेरीही धुणं वाढतं, ती परतली की कमी होतं. आता फ्रॉइड पूर्णच काढू का? आणि उपचार योजनेत 'ईआरपी, १२ सत्रे' एवढंच लिहिलंय (ईआरपी म्हणजे भीतीला पायरीपायरीने सामोरं जाणं आणि धुण्यासारखी कृती न करणं).

कडुनिंब

जागा तीच, जबाबदारी बदलली. हे वाक्य फॉर्म्युलेशनच्या पहिल्या परिच्छेदात घ्या. वर्तनवादी स्पष्टीकरण यातून पूर्ण बाद होत नाही (आईचं असणं हाही एक संकेत असू शकतो), पण जबाबदारीचं पारडं जड झालं. फ्रॉइडचं 'केलेलं पुसून टाकणं' धुण्याचं वर्णन छान करतं, पण पुढच्या सत्रात काय करायचं ते त्यातून निघत नाही. काढा.

योजना फॉर्म्युलेशनमधून निघाली पाहिजे. जबाबदारीसाठी पाय चार्ट (वाटे पाडलेलं वर्तुळ): बाळाला जुलाब होण्याची सगळी कारणं आधी लिहायची (पाणी, बाटली, पाहुणे, हवामान), त्यांना टक्के द्यायचे आणि स्वतःचा वाटा सगळ्यात शेवटी. क्रम उलटला तर ती १०० टक्के स्वतःलाच देऊन बसते. मग ईआरपीची शिडी, ० ते १०० अस्वस्थतेच्या आकड्यांवर: दाराची कडी धरून न धुता बसणं ३५, न धुता बाळाचे कपडे घडी करणं ५५, विळी ओट्यावर ठेवून बाळ मांडीवर घेणं ९०. सुरुवात ३०-४० पासून. हात अजिबात धुवायचे नाहीत असं नव्हे. शौचानंतर, स्वयंपाकाआधी, बाळाला भरवण्याआधी साधारण २० सेकंद, एकदाच.

तळटीप

नवऱ्याला एका सत्राला बोलवा. त्याचं 'हो' एकदम तोडायला लावू नका, ते तिला शिक्षेसारखं वाटेल. तिच्याशी आधी ठरवून त्याने म्हणायचं, 'हा प्रश्न ओसीडीचा आहे, उत्तर न देता मी तुझ्याजवळ बसतो.' 'तुम्ही बाळाला काही करणार नाही हो' असं सत्रात तुमच्याही तोंडून निघेल. तेही आश्वासनच, धुण्याइतकंच टिकणारं. आणि वाय-बॉक्सवर २६ म्हणजे तीव्र गटात (२४ ते ३१), त्यामुळे औषधांसाठी मनोविकारतज्ज्ञांचं मत आताच घ्या. बाळ अंगावर पितं का, हे चिठ्ठीत आधी लिहा.