गावी एकट्या राहणाऱ्या आईच्या दारात अनोळखी माणूस आल्यास

प्रश्न : माडबन_ठाणे
माझी आई गुहागर तालुक्यातील आमच्या वाडीत एकटी राहते. घर जुन्या पद्धतीचे आहे : पुढे पडवी, मग ओटी, माजघर आणि मागे विहिरीकडे उघडणारे दार. सकाळी उघडलेली दोन्ही दारे दिवेलागणीपर्यंत लोटलीही जात नाहीत. अलीकडेच वीजमीटर तपासण्याच्या निमित्ताने दोन अनोळखी माणसे थेट ओटीवर येऊन बसली आणि शेजारचे काका आल्यावर घाईने निघून गेली. मी दार लावून घेण्याविषयी सुचवले, तर आल्यागेल्याला गूळपाणी देणाऱ्या घराने कडी लावून बसायचे का, असे तिने विचारले. तिला पटेल अशी काही व्यवस्था सुचवावी.

प्रतिसाद : राजापूरकर
आईंचे म्हणणे रास्त आहे, म्हणून पाहुणचार पडवीतच ठेवावा आणि ओटीच्या तोंडाशी आतून कडी लागणारे गजांचे दार बसवावे, म्हणजे वारा व बोलणे चालू राहील. मीटर आत असेल तर तो पडवीच्या बाहेरील भिंतीवर हलवून घेण्यासाठी महावितरणकडे अर्ज करावा. मग त्या कामासाठी कोणालाही उंबरा ओलांडण्याचे कारण उरणार नाही. ओळखपत्र कोणीही छापून घेऊ शकतो. त्यामुळे आलेल्या माणसाने दिलेल्या क्रमांकावर नव्हे, तर वीजबिलावरील किंवा गॅसच्या पुस्तकावरील क्रमांकावर आपण स्वतः फोन करून खातरजमा करावी, आणि तोवर त्याला अंगणात थांबू द्यावे. खरा कर्मचारी थांबतो.

प्रतिसाद : सुपारीची_बाग
दागिने उजळून देणाऱ्यांबद्दल आईंना आवर्जून सांगा. ही माणसे आधी देवघरातील पितळी समई पावडरीने फुकट लखलखीत करून देतात, मग चांदीची जोडवी मागतात आणि विश्वास बसला की हातातील बांगड्या. नायट्रिक किंवा हायड्रोक्लोरिक आम्ल एकटे सोन्याला विरघळवत नाही. दोन्हींचे मिश्रण मात्र विरघळवते. बांगडीचा आकार तसाच राहतो, सोने त्यांच्या भांड्यात उतरते आणि घट कळते ती सोनाराच्या काट्यावर. काही जण हळदीच्या पाण्यात दागिने ठेवल्याचे भासवून डबा थोड्या वेळाने उघडायला सांगतात. तो रिकामा निघतो. अशा माणसाशी वाद घालू नये, समईसुद्धा हातात देऊ नये.

प्रतिसाद : माडबन_ठाणे
गजांच्या दाराला आई तयार झाली. कॅमेरा बसवावा का?

प्रतिसाद : राजापूरकर
बसवायला हरकत नाही, परंतु पावसाळ्यात आपल्याकडे वीज किती वेळ जाते हे आपण जाणताच, आणि ठाणे शहरात बसून दिसलेल्या माणसाला आपण तेथून अडवू शकणार नाही. त्यापेक्षा मागच्या दाराकडे लक्ष द्यावे. एक जण पुढे पाणी मागत बोलण्यात गुंतवतो आणि दुसरा विहिरीच्या बाजूने माजघरात शिरतो, ही जुनीच रीत आहे. पुढे कोणी आले की उठण्याआधी मागची कडी घालायची, एवढी एक सवय लागली तरी पुष्कळ झाले.

प्रतिसाद : खाडीपलीकडे
गावच्या पोलीस पाटलांचा आणि शेजारच्या काकांचा क्रमांक मोठ्या अक्षरांत फोनजवळ लावावा. त्याखाली 112 लिहावा, तो आणीबाणीत पोलिसांसाठी आहे. आपण एकट्या आहोत हे दारातल्या माणसाला कळू देऊ नये. ‘हे बागेत आहेत, हाक मारते’ असे खुशाल सांगावे. एवढे खोटे बोलायला आमच्या आत्याचीही सुरुवातीला तयारी नव्हती. आता त्या न विचारताच सांगतात.