घरात एकामागून एक सगळ्यांना गळवं, रिपोर्टमध्ये एमआरएसए, मदत हवी आहे

निशिगंध
आधी मोठ्याच्या मांडीवर झालं, मग धाकटीच्या काखेत, आता ह्यांच्या मानेवर. गोळ्यांनी बसतं आणि परत दुसऱ्या कुणाला तरी येतं. पू तपासला तर एमआरएसए आलंय. डॉक्टर म्हणाले स्वच्छता ठेवा, पण म्हणजे नक्की काय करू? आंघोळ तर सगळे रोज करतातच. घरात सासूबाई आहेत, त्यांना व्हायला नको. कुणी यातून गेलं असेल तर प्लीज लवकर सांगा.

हापूसप्रेमी
आंबे जास्त झालेत का? उष्णतेने गळवं येतात. सब्जाचं पाणी सुरू करा.

पॅथलॅबवाली
उष्णतेचा संबंध नाही, हा जंतू आहे. एमआरएसए म्हणजे बऱ्याच नेहमीच्या अँटिबायोटिक्सना दाद न देणारा स्टॅफ जंतू. ताई, कोणत्या गोळ्या चालू आहेत? रिपोर्टमध्ये सेफॉक्सिटिन या अँटिबायोटिकसमोर आर, म्हणजे रेझिस्टंट (औषध लागू पडत नाही), आहे का? मुलांची वयं काय, घरात शुगर कुणाला आहे? यातलं काहीच लिहिलं नाहीये तुम्ही.

निशिगंध
हो, आर आहे. गोळी अमॉक्सिक्लॅव्ह. मुलगा १६, मुलगी ९. क्लिंडामायसिनसमोर डी टेस्ट पॉझिटिव्ह लिहिलंय, त्याचा अर्थ कळला नाही. पण मला पसरणं थांबवायचंय, ते सांगा ना कुणीतरी.

पॅथलॅबवाली
सेफॉक्सिटिन आर म्हणजे अमॉक्सिक्लॅव्ह या जंतूवर चालणार नाही. डी टेस्ट पॉझिटिव्ह म्हणजे क्लिंडामायसिनही उपचार चालू असताना निकामी होऊ शकतं. रिपोर्ट घेऊन आजच डॉक्टरांकडे जा. आणि पू साचला असेल तर तो चिरा देऊन काढणं हाच मुख्य उपचार, नुसत्या गोळ्यांवर राहू नका. घरी दाबून फोडायचं मात्र नाही.

भाजका_कांदा
चिरा कशाला? कांदा भाजून गरम पोटीस बांधा, आपोआप फुटतं. आमच्याकडे पिढ्यानपिढ्या हेच चालतं.

पॅथलॅबवाली
आणि फुटल्यावर तो पू कुठे जातो? फडक्याला, हाताला, तिथून पुढच्या माणसाला. शेकायचं तर स्वच्छ कापडाने शेका, ते कापड लगेच गरम पाण्यात टाका आणि जखम कायम झाकलेली ठेवा.

लाल_माती
ताई, मुलगा काय खेळतो का? मांडीवर म्हणताय म्हणून विचारलं.

निशिगंध
तालमीत जातो की, कुस्तीला. त्याचा काय संबंध?

लाल_माती
संबंधच तो आहे! अंगाला अंग घासतं, खरचटतं, जोडीदाराला असेल तर तुम्हाला येणारच. मॅटवर जास्त होतं बघा, आमच्या मातीत हळद, ताक, तेल, लिंबू पडायचं, तेव्हा कुणाला काही झालं नाही.

मॅटवरचा_गडी
वस्ताद, मातीतही होतं, मी स्वतः बघितलंय. मॅट जंतुनाशकाने पुसता तरी येते. मोठ्या स्पर्धेत वजनाच्या वेळी डॉक्टर अंग तपासतात आणि संसर्ग दिसला तर खेळू देत नाहीत, तालमीत तेवढंच कुणी बघत नाही. जखम पूर्ण बरी होईपर्यंत पोराला पाठवू नका आणि वस्तादांना सांगा, दुसऱ्यांचीही पोरं आहेत.

लाल_माती
ते बरोबर आहे. पण माती वाईट नाही एवढंच माझं म्हणणं.

फ्रंटलोड
वॉशिंग मशीन फ्रंट लोड घ्या, गरम पाण्याचा प्रोग्राम असतो.

पॅथलॅबवाली
मशीन आहे तेच चालेल, कपडे नीट वाळले पाहिजेत. आता मूळ प्रश्न. स्टॅफ जंतू (साधा धरून) साधारण ३० टक्के निरोगी लोकांच्या नाकात असतोच, त्यामुळे ज्याला गळू नाही तोही वाहक असू शकतो. म्हणून डॉक्टरांना विचारून सगळ्या घराचं एकदम करा: नाकात म्युपिरोसिनचं मलम दिवसातून दोनदा, पाच दिवस, आणि आंघोळीला अंगाला क्लोरहेक्सिडिन हे जंतुनाशक, डोळे-कान सांभाळून. परदेशी सल्ल्यात अगदी थोडं ब्लीच घातलेल्या पाण्याच्या टबात बसायला सांगतात, आपल्या बादलीच्या आंघोळीला क्लोरहेक्सिडिनच बरं. टॉवेल, रेझर, साबणाची वडी, नेलकटर ज्याचं त्याचं वेगळं. उशीचे अभ्रे या दिवसांत वरचेवर बदला. अमेरिकेत सेंट लुईसला याच उपायांचा मुलांवरचा अभ्यास २०१२ मध्ये छापून आला. फक्त गळू झालेल्या मुलावर उपाय केले तिथे वर्षभरात ७२ टक्के मुलांना परत झालं, सगळ्या घरावर केले तिथे ५२. म्हणजे फरक पडतो, पण खात्री नाही.

झटपट
मेडिकलमधून ती तीन-चार औषधं मिसळलेली ट्यूब आणा, दोन दिवसांत लाली जाते.

पॅथलॅबवाली
अजिबात नको, त्यात स्टेरॉइड असतं. लाली दबते आणि जंतू वाढत राहतो. शुगरचं उत्तर अजून आलं नाही.

निशिगंध
सासूबाईंना आहे, इन्सुलिन घेतात. टाचेला जखम आहे, ड्रेसिंग मीच करते. घरात आधी कुणाचं करायचं, त्यांचं की पोरांचं?

पॅथलॅबवाली
आधी त्यांचं, हात साबणाने धुऊन, मग पोरांचं, दर वेळी नवे ग्लोव्हज. आणि ती टाच उद्यावर टाकू नका, आज पोरांच्या रिपोर्टबरोबर त्यांनाही डॉक्टरांकडे घेऊन जा.