पडवीतल्या कॉकटेल पार्टीसाठी टेबल कसं मांडावं?

प्रश्न: मालवणला घरी १५ माणसं, सहा फुटी टेबल, संध्याकाळी खारा वारा. काय वापरू?

उत्तर १: टेबल भिंतीला लावा, म्हणजे उंच सजावट मागे राहते आणि हात घालताना आडवी येत नाही. कापडाऐवजी केळीची पानं चांगली. मागचा जाड दांडा तासून पान विस्तवावरून फिरवा, हिरवा रंग गडद झाला की काढा. कच्चं पान ग्लास सरकवताना शिरेवर फाटतं. मेणबत्ती उघडी नकोच. काचेच्या बरणीत दोन बोटं वाळू घालून रोवा, ज्योत काठाच्या बरीच खाली हवी.

उत्तर २: फुलं अबोलीची घ्या, तिला वास नसतो. सुरंगी, सोनचाफा टेबलावर नको, त्यांच्या वासाने पेयाचा वास दबतो. (केसांत माळा की!)

उत्तर ३: बर्फ माणशी अर्धा किलो धरा. बादलीला बाहेरून पाणी सुटतं, म्हणून खाली परात आणि पंचा. ग्लासच्या काठाला मीठ लावायचं तर आयत्या वेळी; आपल्या दमट हवेत आधी लावलेलं ओघळतं. आगळाची (कोकमाच्या खारट रसाची) बाटली ताटलीत ठेवा, डाग जात नाही.

प्रश्नकर्ता: खाण्याच्या बश्या?

उत्तर १: दुसऱ्या टोकाला. नाहीतर बारपाशीच गर्दी तुंबते.